सण कुणाचा, आठवण कुणाची?

मे 2025 मध्ये आम्ही दोघे मुलीकडे स्पेनला गेलो. जावई आलिकांते शहरात संगणकाच्या कामावर आहेत आणि त्यांचे बिऱ्हाड तिथून तीसेक किलोमीटरवर, विलाहोयोसा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात आहे. गावाच्या नावाचा अर्थच मुळी 'आनंदी नगरी'. समुद्राला लागून लाल, पिवळ्या, निळ्या रंगांच्या घरांची रांग, मासेमारीच्या होड्या आणि बाजारात कधी मासळीचा तर कधी चॉकलेटच्या कारखान्यांचा वास. आमचा जन्म दाभोळच्या खाडीकाठचा. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव पाहिला आणि परके वाटेनासे झाले. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. नव्वद दिवस म्हणजे पाहुण्याची मुदत. पाहुणा म्हणून गेलो आणि एक प्रश्न बरोबर घेऊन आलो. तोच येथे वाचकांसमोर मांडायचा आहे.

प्रश्न आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने उभा केला. जुलै महिन्याच्या अखेरीस त्या गावात मोठा सण असतो, 'मोरोस इ क्रिस्तियानोस', म्हणजे मूर आणि ख्रिस्ती. मूर म्हणजे आपण, मुसलमान. गावातले लोक पथके करून दोन बाजूंना उभे राहतात. एक बाजू मुरांची, दुसरी ख्रिस्त्यांची. लढाई होते आणि शेवटी मूर हरतात. दरवर्षी हरतात. नातवाचा शाळेतला जिवलग मित्र ख्रिस्ती बाजूच्या एका पथकात होता. नातू म्हणाला, "नाना, मलाही त्याच्याबरोबर जायचंय."

घरात शांतता पसरली. जावई म्हणाले, "निदान मुरांच्या बाजूने तरी जा!" मुलगी म्हणाली, "तिथे त्याचा एकही मित्र नाही." आणि मग दोघांनी आमच्याकडे पाहिले. वडीलधाऱ्यांनी निवाडा द्यावा अशी अपेक्षा. मुसलमानाच्या पोराने मुरांना समुद्रात हाकलणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे काय?

आधी सण काय आहे ते सांगितले पाहिजे. 1538 साली उत्तर आफ्रिकेच्या बार्बरी किनाऱ्यावरून आलेल्या चाच्यांनी या गावावर हल्ला केला. गावकऱ्यांनी तो परतवला. दंतकथा अशी की, सांता मार्ता या संतिणीच्या कृपेने नदीला अचानक पूर आला आणि चाच्यांची गलबते मोडून पडली. त्याची आठवण म्हणून पहाटेच्या काळोखात मुरांच्या पोशाखातले लोक होड्यांतून किनाऱ्याला लागतात. वाळूवर ख्रिस्ती पथके वाट पाहत असतात. जुन्या घाटाच्या बंदुकांचे बार उडतात, धूर पसरतो. मुरांचा वकील किल्ल्यासमोर उभा राहून पद्यात मागणी करतो, ख्रिस्ती वकील उत्तर देतो. मूर किल्ला घेतात आणि नंतर ख्रिस्ती तो परत जिंकतात. आलिकांते प्रांतातल्या कितीतरी गावांत असा सण आहे. सर्वांत नामांकित आल्कोयचा, एप्रिलमध्ये होणारा. तिथे 1276 साली चाल करून आलेल्या आणि त्या लढाईत मारल्या गेलेल्या अल-अझरक या मुस्लिम सरदाराची आठवण आहे.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मनाला लागले. पण सण जवळून पाहिल्यावर चित्र इतके सरळ राहिले नाही. मुरांचे पोशाख अधिक झगमगीत, त्यांची वाद्ये अधिक दमदार, त्यांची चाल अधिक डौलदार. गावातले कितीतरी पक्के कॅथॉलिक हौसेने मूर होतात. बाप मूर म्हणून मुलगा मूर, अशी घराणी चालतात. हरणाऱ्याचा पोशाख घालण्यासाठी वर्षभर पैसे साठवणारी माणसे पाहिल्यावर, याला निव्वळ अपमान कसे म्हणावे?

तरीही सगळेच निर्मळ आहे असेही नाही. आसपासच्या काही गावांत सणाच्या शेवटी 'ला माहोमा' नावाचा पुतळा आणण्याची चाल होती. नावावरूनच वाचकांना कळेल की रोख कुणाकडे आहे. बोकायरेंत गावात त्या पुतळ्याच्या डोक्यात दारू भरून ते उडवले जाई. 2006 साली, डेन्मार्कमधल्या व्यंगचित्रांवरून जगभर वादळ उठले असताना, त्या गावाने ही चाल स्वतःहून थांबवली. कुणी म्हणाले भीतीने थांबवली, कुणी म्हणाले शहाणपणाने. काही असो, पुतळ्याचे डोके उडले नाही म्हणून सणाचे काही अडले नाही.

यावरून एक भेद मनात पक्का झाला. आठवण वेगळी, टिंगल वेगळी आणि बंदी वेगळी. गावावर हल्ला झाला होता, तो परतवला, याचे नाटक करणे ही आठवण. दुसऱ्याला जे पवित्र आहे त्याचा पुतळा करून उडवणे ही टिंगल. आणि आपण नाचावे, दुसऱ्याने मात्र आपल्या सणाला जमूही नये, असे ठरवणे ही बंदी. आठवणीवर रुसू नये. टिंगलीबद्दल शेजाऱ्यासारखे बोलावे. बंदीला मात्र कायद्याने आणि निर्धाराने विरोध करावा. आपल्याकडे नेमके उलटे होते. आठवणीवरच आपण आधी भडकतो आणि बंदी आली की गप्प बसतो.

पण सण पाहणारा कोण, यावरही बरेच अवलंबून असते. मुलीच्या इमारतीत एक इंग्रज आजीबाई राहतात. अठरा वर्षे झाली येऊन. स्पॅनिश भाषा बाजारहाटापुरतीही येत नाही. दोस्तमंडळी इंग्रज, क्लब इंग्रज, चहाही इंग्रजी. स्वभावाने फार प्रेमळ. हिवाळ्यात एल्चेच्या खजुरांच्या बागेत सहल, मार्चमध्ये व्हॅलेन्सियाच्या फाय्याससाठी बस, एकतीस डिसेंबरला घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे. सगळे सण त्यांना तोंडपाठ. त्यांना आणि त्यांच्यासारख्यांना तिथे 'एक्सपॅट' म्हणतात.

शनिवारी एका मोरोक्कन गृहस्थाकडून आम्ही पुदिना आणि कोथिंबीर घेत असू. त्यांनाही वीस वर्षे झालेली. ते स्पॅनिश बोलतात, गावाची व्हॅलेन्सियन बोलीही बोलतात. मुले तिथेच जन्मली. त्यांना मात्र 'इमिग्रांते' म्हणतात. एकाच किनाऱ्यावर, एकाच समुद्राचे वारे खाणाऱ्या दोन परदेशी माणसांना दोन शब्द. फरक भाषेचा नाही, राहणीचा नाही, कायद्याचाही पूर्णपणे नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2021 पासून इंग्रजांनाही नव्वद दिवसांचा नियम लागला आणि तिथे घर असलेले पण रहिवासी परवाना नसलेले कितीतरी पेन्शनर आमच्यासारखेच दिवस मोजू लागले. तरी शब्द बदलला नाही. मतदानाचेही तसेच. तिथे राहणाऱ्या इंग्रजांना दोन देशांतल्या करारामुळे नगरपालिकेला मत देता येते. मोरोक्कन शेजाऱ्याला, नागरिकत्व घेतल्याशिवाय, देता येत नाही.

एक्सपॅट सणाचा प्रेक्षक असतो. आवडले तर टाळ्या, नाही आवडले तर खिडकी बंद. तो कधीही परत जाऊ शकतो. मोरोक्कन माणसाला ही चैन नाही. रस्त्यावर त्याच्या नावाचे सोंग चाललेले असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर त्याला भाजी विकायची असते. आम्ही तिथे असतानाच, जुलैमध्ये, दक्षिणेला मुर्सिया भागातल्या तोरे पाचेको या शेतमजुरांच्या गावात एका वृद्धाला मारहाण झाली. संशय उत्तर आफ्रिकी तरुणांवर आला आणि बाहेरून आलेल्या टोळ्या काही रात्री 'मोरो' शोधत रस्त्यावर फिरल्या. पंचवीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 2000 मध्ये, अल्मेरियाच्या एल एहिदो गावातही मोरोक्कन मजुरांची घरे आणि दुकाने अशीच फोडली गेली होती. प्लॅस्टिकखाली टोमॅटो पिकवून अर्ध्या युरोपला खाऊ घालणारा हा किनारा. त्या आठवड्यात शनिवारच्या बाजारात आमचे पुदिनावाले आले नाहीत. पुढच्या शनिवारी आले. आम्ही काही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. पुदिन्याची जुडी मात्र नेहमीपेक्षा मोठी दिली.

अशा दिवसांत नातवाचा प्रश्न घरात तसाच पडून होता. जावयांचा विरोध आता अधिक ठाम झाला होता आणि त्यांचे चुकतही नव्हते. ते म्हणाले, "अब्बा, रस्त्यावर खरेखुरे मूर शोधत फिरणारे आहेत आणि आपला मुलगा खोट्या मुरांना पळवायला जाणार?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

एका रविवारी आम्ही सगळे किनाऱ्याने जाणाऱ्या छोट्या रेल्वेने देनियाला गेलो. वर किल्ला, खाली बंदर. बंदरातून बालेआरिक बेटांकडे फेरीबोटी सुटतात. माणसे आइस्क्रीम खात बसलेली. याच बंदरातून 1609 साली मोरिस्को लोकांना जहाजांत भरून आफ्रिकेकडे रवाना केले गेले. मोरिस्को म्हणजे मुसलमानांचे वंशज, ज्यांचा बाप्तिस्मा 1520 च्या दशकात सक्तीने झाला होता. कागदोपत्री ते ख्रिस्तीच होते. पिढ्यान्पिढ्या तिथली जमीन कसत होते. तिसऱ्या फिलिप राजाने हुकूम काढला आणि व्हॅलेन्सियाच्या राज्यातली सुमारे एक तृतीयांश माणसे निघून गेली. 1614 पर्यंत सगळ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख. कित्येक लहान मुले आईबापांपासून काढून ठेवून घेतली गेली. आणि जे ओरानच्या बाजूला उतरले त्यांच्यातल्या अनेकांना तिथल्या टोळ्यांनी, म्हणजे आपल्याच धर्माच्या लोकांनी, लुटले आणि मारले.

माणसे गेली, पण त्यांनी लावलेले सगळे राहिले. पाण्याच्या पाटाला तिथे आजही 'असेकिया' म्हणतात, तो अरबीतला 'साकिया'. तांदळाला 'अर्रोस', तेलाला 'असेइते', साखरेला 'आसुकार'. संत्र्याला 'नारांहा', आपल्या कोकणातले नारिंग, जे फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे पोचले. 'असे होवो' म्हणायचे असेल तर कॅथॉलिक आजीसुद्धा 'ओहाला' म्हणते आणि नकळत अल्लाहचे नाव घेते. व्हॅलेन्सियाच्या कॅथीड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचे पंच बसतात आणि शेतकऱ्यांचे पाटाचे तंटे तोंडी सोडवतात. त्या व्यवस्थेची मुळेही मुस्लिम काळात जातात, असे मानले जाते.

देनियाच्या धक्क्यावर उभे असताना आम्हाला सणाचे खरे व्यंग दिसले. या किनाऱ्याने 1538 चे नाटक केले, 1609 चे केले नाही. समुद्रावरून आलेला मूर दरवर्षी येतो. समुद्रावर ढकललेला शेजारी कुठल्याही मिरवणुकीत नाही. आपल्यावर झालेला अन्याय ढोल वाजवून आठवायचा आणि आपल्या हातून झालेला विसरायचा. 2015 साली स्पेनने कायदा करून 1492 मध्ये हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांसाठी नागरिकत्वाचे दार उघडले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसे दार उघडले नाही.

येथवर विचार आला आणि मनाला बरे वाटू लागले. दुसऱ्याचा दोष सापडला की वाटतेच. पण मग आपल्याकडे पाहिले.

आपल्या समाजाला स्पेन म्हटले की कुर्तबाची मशीद आठवते. इक्बाल 1933 साली तिथे गेले आणि त्यांनी तिच्यावर थोर कविता लिहिली. तिच्या नावाने आपण पिढ्यान्पिढ्या उसासे टाकतो. पण बार्बरी चाचे गावांवर कशासाठी हल्ले करीत? माणसे पकडून नेण्यासाठी, गुलाम म्हणून विकण्यासाठी. विलाहोयोसाच्या बायकापोरांनी त्या पहाटे कशाचे भय घेतले असेल, हे आपल्या उसाशांत कुठे असते? आपण कोकणी मुसलमान दर्यावर्दी पूर्वजांचा अभिमान बाळगतो. त्याच दर्यावरून आफ्रिकेतली हबशी माणसे गुलाम म्हणून इकडे आणली गेली आणि त्या व्यापारात मुसलमान व्यापारी होते, हे आपल्या मजलिशीत किती वेळा सांगितले जाते? आणि कुर्तबासाठी रडणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना अल्मेरियात प्लॅस्टिकखाली राबणाऱ्या, जिवंत मुसलमान मजुराची चौकशी करावीशी वाटली? गेलेल्या राज्याबद्दल हळहळायला काही पडत नाही.

मग आमच्या दाभोळची गोष्ट आठवली. 1508 च्या डिसेंबरात फ्रान्सिस्को द आल्मेदा याच्या पोर्तुगीज आरमाराने दाभोळवर हल्ला केला, शहर जाळले, माणसे कापली. तेही त्याच इबेरियन द्वीपकल्पातून आलेले. दाभोळनंतर तीस वर्षांनी विलाहोयोसा. तिथे समुद्रावरून मुसलमान आले, इथे समुद्रावरून ख्रिस्ती. दोन्हीकडे किनाऱ्यावर कोळी होते, बायका होत्या, पोरे होती. दाभोळचे सोंग कुणी केले असते तर आम्ही कुणाच्या बाजूने उभे राहिलो असतो? किनाऱ्यावरच्यांच्या. मग विलाहोयोसाच्या वाळूवर आम्ही कुणाच्या बाजूचे?

हा प्रश्न पडल्यावर उत्तर फार दूर नव्हते. आपल्या धर्माने न्यायाची साक्ष द्यायला सांगितली आहे, ती स्वतःच्या आणि स्वतःच्या माणसांच्या विरुद्ध जात असली तरीही. 1538 ला चूक चाच्यांची होती, मग ते कलमा पढणारे का असेनात. 1609 ला चूक राजाची होती. नाव पाहून बाजू घ्यायची तर न्याय हा शब्द वापरू नये.

घरी येऊन आम्ही नातवाला विचारले, मित्राचे पथक कसले पोशाख घालते? तो म्हणाला, कोळ्यांचे. त्याच्या मित्राचा आजा खरोखरच मासेमार होता. आम्ही म्हटले, "मग जा. तुझे पणजोबाही खाडीत जाळे टाकायचे. पण एक अट. देनियाला काय झाले ते तू मित्राला सांगायचे." जावई काही बोलले नाहीत. त्यांचे मन वळले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी मुलासाठी कमरेचा पट्टा मात्र आणून दिला.

त्या पहाटे आम्ही वाळूवर हजारो लोकांत उभे होतो. काळोखातून होड्या आल्या, बार उडाले, धुराने डोळे चुरचुरले. आमचा नातू कोळ्याच्या पोशाखात कुठेतरी त्या गर्दीत होता. शेजारी इंग्रज आजीबाई टाळ्या वाजवत होत्या. थोड्या अंतरावर पुदिनावाले दोन मुलींना घेऊन उभे होते. धाकटी खांद्यावर. त्यांनी आम्हाला सलाम केला. मुरांचा सरदार पुढे आला तेव्हा ती खांद्यावरची मुलगी जोराने ओरडली. आनंदाने की भीतीने, ते कळले नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सामान बांधताना आणखी एक बातमी आली. मुर्सियातल्याच हुमिया या गावच्या नगरपालिकेने जुलैअखेरीस ठराव केला होता: नगरपालिकेच्या क्रीडासंकुलात, तिने स्वतः भरवल्याशिवाय, 'आपल्या ओळखीला परके' असे कार्यक्रम होऊ नयेत. तिथले मुसलमान ईदची नमाज तिथे पढत असत. रोख स्पष्ट होता. केंद्र सरकारने विरोध केला आणि विशेष म्हणजे स्पेनच्या कॅथॉलिक बिशपांनीही हा भेदभाव आहे असे सांगितले. 1992 साली स्पेनने मुस्लिम संघटनेशी केलेल्या कराराला कायद्याचे रूप दिले. त्यात शुक्रवारी दुपारी दीड ते साडेचार कामातून सवलत मागण्याचा हक्कही आहे. पण कायदा कागदावर असतो आणि ईदगाह गावात लागतो. जूनमध्ये आम्ही ईद केली ती एका जुन्या दुकानाच्या गाळ्यात, दाटीवाटीने. तिथेही जागा अपुरी पडून माणसे फुटपाथवर उभी होती.

म्हणून शेवटी हिशेब असा मांडता येतो. दुसऱ्याच्या गावात राहणाऱ्याने त्या गावाची आठवण आपली मानावी, तिच्यातले दुःख आपले मानावे. हे पाहुण्याला शक्य नसते, शेजाऱ्याला असते. आणि गावाने त्याच्या बदल्यात शेजाऱ्याला सणाची जागा द्यावी, आपल्या हातून झालेले आठवावे. आपल्या धर्मात शेजाऱ्याचा हक्क सांगताना नात्यातला शेजारी आणि परका शेजारी असे दोघांचेही नाव घेतले आहे. परक्याला वगळलेले नाही. हा हक्क मागताना आपल्यालाही विचारावे लागेल. आपले भाऊ, आपली मुले पन्नास-साठ वर्षे आखातात आहेत. तिथे आपल्या खोलीतला केरळचा हिंदू, फिलिपिन्सचा ख्रिस्ती आपला सण कुठे करतो, याची आपण कधी फिकीर केली? आपल्या गावच्या ताबुताला खांदा देणाऱ्या कुणब्या-कोळ्यांच्या सणात आपण आता कितपत असतो?

आम्ही निघालो त्या दिवशी नातवाने सांगितले की त्याने मित्राला देनियाची गोष्ट सांगितली. आम्ही विचारले, "मग तो काय म्हणाला?" नातू म्हणाला, "त्याला माहीतच नव्हतं, नाना. त्यानं त्याच्या आज्याला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "पण आता त्या दोघांना माहीत झालंय."